चर्च सोडले, जात सोडली काय?

पनवेलपासून कामोठे-खारघरपर्यंत जी नवी वस्ती गेल्या दोन-तीन दशकांत वाढली, तीत रविवारच्या सकाळी भाड्याच्या सभागृहांतून आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यातून ख्रिस्ती उपासना चाललेली आढळते. तेथे मनोरा नाही, घंटा नाही, बिशप नाही. जमणाऱ्यांत तरुण आहेत, शिकलेले आहेत आणि आपल्या म्हणजे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातून गेलेलेही आहेत. त्यांतील विचारी माणसे असे म्हणतात की, जुन्या चर्चमध्ये अधिकारशाही होती, मालमत्तेची भांडणे होती, जातही होती. म्हणून आम्ही त्या चौकटीबाहेर पडलो आहोत. न्यायावर उभी असलेली आणि सर्वांना मोकळी अशी ख्रिस्तमंडळी आम्ही नव्याने बांधीत आहोत.

हा संकल्प चांगला आहे. त्याची थट्टा करण्याचे आम्हांस काही कारण नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते तपासल्यावाचून सोडता येत नाही. चर्चची चौकट सुटली म्हणजे अन्यायाची चौकटही आपोआप सुटते, असे ते गृहीतक होय. आमचे म्हणणे असे की, हे गृहीतक साफ चुकीचे आहे. ते चुकीचे असल्याचा पुरावा शोधण्यासाठी परदेशी जावयास नको, तो महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे.

बौद्ध पाक्षिकाने ख्रिस्ती मंडळींच्या घरात का डोकवावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, त्या घरात आपले भाऊबंद राहतात. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर या भागांत जे ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार-मांगांतून झाले. एका आजोबाची दोन नातवंडे, एक विहारात आणि एक उपासनेत, अशी कितीतरी घरे आहेत. शिवाय बाबासाहेबांनी स्वतः हा प्रश्न परका मानला नव्हता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आपल्याला वाटणारी ओढ सांगितली. पण तेवढ्यावर न थांबता दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद चालतो हे त्यांनी सुनावले, आणि तुम्ही शिकलात खरे, पण समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत, असा स्पष्ट आरोप केला. हे भाषण पुढे 'जनता' पत्रात छापले गेले. मित्राने मित्राशी कसे बोलावे याचा तो वस्तुपाठ आहे. आम्ही त्याच पद्धतीने बोलू इच्छितो.

देवाचा दरबार

चर्चच्या चौकटीबाहेर ख्रिस्ती समाज उभारण्याचा मराठी मुलखातील सर्वांत धाडसी प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा. कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात १८६१ साली जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घरदार दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या व पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. तो सारा प्रवास त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहेच. अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी सुमारे वीस वर्षे काम केले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन व कीर्तनाची भाषा दिली. मराठी मंडळ्या आजही त्यांची पदे गातात.

परंतु मिशनची रचना त्यांना खुपत होती. पैसा परक्याचा, म्हणून निर्णयही परक्याचा. देशी माणसाने राबावे आणि साहेबाने ठरवावे, हा व्यवहार ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळत नाही असे त्यांना वाटू लागले. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबाराचे दार उघडे होते. मिशनचा हुकूम नाही, परदेशी पैशाचे ओझे नाही, सर्व बंधुभावाने नांदणार, अशी ती कल्पना होती.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. दोन वर्षांत उभे राहिले ते दोन वर्षांतच विरले. ख्रिस्ती लेखक ही गोष्ट हळहळीने सांगतात. टिळकांना आयुष्य मिळाले असते तर महाराष्ट्राचा इतिहास बदलला असता, असे म्हणून ते थांबतात. आम्हांस ही हळहळ पुरेशी वाटत नाही. जी संस्था एका माणसाच्या श्वासावर चालते ती त्याच्या श्वासाबरोबर थांबायचीच. त्यात नियतीचा काय दोष? तीत सभासदाला हक्क काय होता, नियम मोडणाऱ्यास जाब कोण विचारणार होता, प्रमुखानंतर प्रमुख कोणी निवडायचा होता, हे प्रश्न विचारले पाहिजेत. 'दरबार' या शब्दातच उत्तर आहे. दरबारात राजा असतो आणि प्रजा असते. राजा देव असला, तरी देवाच्या वतीने बोलणारा कोणी माणूसच असतो. दरबारात कृपा मिळते, हक्क मिळत नाही.

दाराला दोन बाजू असतात

बाप्तिस्मा न घेतलेल्यासही प्रवेश, ही दरबाराची उदारता म्हणून वाखाणली जाते. तिचा जरा बारकाईने विचार करू.

सवर्णाला बाप्तिस्म्याची भीती का वाटे? बाप्तिस्मा झाला की जात जाई, वाटणी जाई, मान जाई. तेव्हा बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्तभक्तीची मुभा ठेवली, तर त्याला ख्रिस्तही मिळे आणि जातही राही. टिळकांचा हेतू असा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी स्वतः जाहीर बाप्तिस्मा घेतला व त्याची पुरी किंमत मोजली. परंतु कायद्याच्या अभ्यासकाने हेतूइतकेच परिणामाकडेही पाहिले पाहिजे. ज्या दारातून जात बरोबर घेऊन आत येता येते, त्या दारातून जात आत येतेच.

अस्पृश्याची गोष्ट उलट होती. त्याला बाप्तिस्म्याने गमावण्यासारखा मान नव्हताच. चारचौघांत उभे राहून मी तुमच्या उतरंडीत नाही असे जाहीर करणे, हीच त्याची कमाई होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांचे मर्म हेच. नुसता नवा देव जोडून भागत नाही. जुने काय टाकले ते उच्चारून सांगावे लागते. ज्या मंडळीत टाकण्याची प्रतिज्ञा नाही, तीत माणसे जुने गाठोडे काखेत धरूनच बसतात.

मग मिशनची चर्चे जातमुक्त होती काय? तीही नव्हती. धर्म बदलला तरी महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती ही भाषा आणि लग्नाचे वेगळे वर्तुळ कायम राहिले. गोव्यात तर चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांची सभासदत्वे जातीवर वाटली गेली होती, आणि तेथे शतकानुशतके ख्रिस्ती ब्राह्मण ख्रिस्ती ब्राह्मणच राहिला. सारांश, चर्चच्या आत जात होती आणि चर्चच्या बाहेरही जात होती. चर्चची भिंत आणि जातीची भिंत या एक नव्हेत. पहिली पाडल्याने दुसरी पडत नाही.

जालना भागातून आलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जे व्याख्यान दिले, त्यापासून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाचा आरंभ मानला जातो. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जो गौरवला गेला तो मुख्यतः उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या अनुभवातून आणि वेदान्ताच्या भाषेतून घडला होता, आणि बाकांवर बसलेल्या बहुसंख्य दलितांचे दुःख त्यात नव्हते, हे त्यांनी दाखविले. चर्चबाहेर नवी मंडळी बांधू पाहणाऱ्यांनी टिळकांची पदे अवश्य गावीत, पण निर्मळांचा प्रश्न विसरू नये.

संघाला नियम होते

कोणी म्हणेल, नियम आले की आत्मा गेला. आम्ही चर्च सोडले ते नियमांना कंटाळूनच. घटना, नोंदवही, निवडणूक हे सारे पुन्हा आणावयाचे तर बाहेर पडलो कशाला?

हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, आणि बलवानाच्या सोयीचा आहे. नियम नसलेल्या घरात ज्याचा आवाज मोठा, ज्याची खोली मोठी, ज्याचे इंग्रजी चांगले, त्याचेच चालते. दुबळ्याजवळ नियमाखेरीज दुसरे शस्त्र नसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाचे उदाहरण दिले ते याचसाठी. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सारे संसदीय नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी त्या सभागृहाच्या ध्यानी आणून दिले. संघाने अडीच हजार वर्षे काढली ती केवळ करुणेच्या बळावर नव्हे. करुणेला विनयाची जोड होती.

उपालीची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यावयास निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. कुमारांनीच तथागतांस विनंती केली की, प्रथम उपालीस प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुलाचा गर्व उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते, कुळाने नव्हे. म्हणून न्हावी पुढे बसला आणि राजपुत्र मागे बसले. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले. समतेला बसण्याची जागा ठरवून द्यावी लागते. नुसते 'आपण सारे एक' म्हटल्याने ती जागा मिळत नाही.

आमचे पनवेल महाडच्या वाटेवरचे गाव. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, मग मारहाण झाली, दावा झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. 'सर्वांस मोकळे' हे शब्द लिहिणे आणि शेवटच्या माणसाच्या ओंजळीत पाणी पडणे, यांत तेरा वर्षांचे अंतर होते. ते अंतर संघर्षाने आणि कायद्याने कापले गेले.

रमाबाईंचा धडा

येथे पंडिता रमाबाईंचा दाखला द्यावासा वाटतो. १८८३ साली इंग्लंडातील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर तेथील धर्मभगिनींनी त्यांच्याकडून अँग्लिकन चर्चच्या आज्ञेत राहण्याची अपेक्षा धरली. रमाबाईंनी साफ नकार दिला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा पुरोहिताकडे गहाण टाकणार नाही, हाच त्यांच्या त्या काळच्या पत्रव्यवहाराचा आशय आहे. त्याही चर्चच्या चौकटीबाहेरच्याच.

१८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. तेथे प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा येत आणि त्यांना खाण्यापिण्याचे जातिनियम पाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने चित्र पालटले. उपासमारीने वणवण फिरणाऱ्या शेकडो मुली त्यांनी केडगावास आणल्या. त्या नाना जातींच्या होत्या. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मूळ भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुक्तीच्या स्त्रियांच्या श्रमाने छापले गेले. १९२२ साली रमाबाई वारल्या, १९२४ साली ते पूर्ण प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मुक्ती मिशनही दोषरहित नव्हते. तेही एका व्यक्तीभोवती फिरत होते आणि परदेशी देणग्यांवर अवलंबून होते. तरी ते टिकले, कारण तेथे आश्रय होता, भाकरी होती, काम होते, आणि मालमत्ता सांभाळणारी व्यवस्था होती. दरबारात भजन होते. भजनाने भक्त जमतो, समाज बांधला जात नाही.

कायद्याच्या कात्रीत

आता आजच्या काळाकडे येऊ. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद असे सांगतो की, ठराविक धर्मांबाहेरील व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. आरंभी हा लाभ हिंदूंपुरता व काही शीख जातींपुरता होता. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान आजही बाहेर आहेत. मद्रासमधील रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका ख्रिस्ती चांभाराला सरकारी योजनेतील टपरी नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सूसै खटल्यात सांगितले की, धर्मांतरानंतरही तितकीच दुःसह अवस्था कायम आहे हे पुराव्याने दाखवा. चांभाराने रस्त्यावर बसून जोडे शिवणे एवढा पुरावा पुरला नाही! रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढण्याची शिफारस केली. तिचा स्वीकार झाला नाही. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली.

याचा परिणाम काय? दलित माणूस उपासनेला जातो, पण कागदावर हिंदू राहतो. लोक त्याला ढोंगी म्हणतात. पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, श्रद्धा नसता केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणविणे हे राज्यघटनेशी कपट होय, असे ठरविले. आम्हांस विचारावयाचे आहे ते असे: ज्या कायद्याने पोटाची आणि श्रद्धेची अशी फारकत केली, त्याचा निवाडा कोणी करावयाचा? टिळकांच्या काळी सवर्ण माणूस मानासाठी बाप्तिस्म्याबाहेर थांबे. आज दलित माणूस भाकरीसाठी नोंदीबाहेर थांबतो. एकाच दाराबाहेर दोघे उभे आहेत, पण दोघांची कारणे एक नव्हेत. 'आमच्याकडे बाप्तिस्म्याची सक्ती नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या मंडळ्यांनी हा फरक ओळखला नाही तर त्यांची न्यायाची भाषा पोकळ ठरेल.

जी गोष्ट जगण्याची, तीच मरणाची. बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावी ७ जानेवारी २०२५ रोजी महरा जातीतील एक ख्रिस्ती पाळक वारले. गावात दफनास विरोध झाला. देह तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि अखेर वीसएक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती द्यावी लागली. ज्यांच्यामागे पाळक, संस्था आणि दफनभूमी होती त्यांची ही गत, तर दिवाणखान्यात जमणाऱ्या मंडळीतील गरीब माणसाचे काय होणार, याचा विचार कोणी केला आहे काय?

लग्नाचीही तीच कथा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणसाचे लग्न अधिकारप्राप्त वा परवानाधारक व्यक्तीनेच लावले पाहिजे, अथवा विवाह निबंधकापुढे झाले पाहिजे. तसे न झालेले लग्न शून्यवत ठरते आणि अधिकाराविना लग्न लावणारास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चौकटीबाहेरचा प्रेमळ उपदेशक दोन जीवांवर हात ठेवून प्रार्थना करतो आणि साऱ्यांना आनंद होतो. पुढे नवरा सोडून गेला की पोटगीसाठी उभी राहिलेली बाई आपले लग्न कसे सिद्ध करणार? चौकट सोडण्याची हौस पुरुषाची, दंड मात्र स्त्रीला!

आमच्या चार कसोट्या

म्हणून चर्चबाहेर न्यायनिष्ठ समाज बांधू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींपुढे आम्ही चार कसोट्या ठेवतो.

पहिली: सभासद होताना जात टाकल्याची जाहीर प्रतिज्ञा असावी. लग्नात आणि पंक्तीत ती मोडणाऱ्यास जाब विचारण्याची तरतूदही असावी. जातीची प्रतिज्ञा घेण्यास सरकारी नोंद लागत नाही.

दुसरी: लेखी घटना असावी. संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवावी, दरवर्षी तपासलेले हिशेब सभेपुढे ठेवावेत, आणि प्रमुखाची मुदत ठरलेली असावी.

तिसरी: कारभारात स्त्रियांना व पूर्वास्पृश्यांना ठरलेल्या जागा असाव्यात, आणि प्रभुभोजनाची भाकर त्यांच्या हातून वाटली जावी. कोणाच्या हातचे खाता यावरूनच या देशात धर्म कळतो.

चौथी: लग्नाची कायदेशीर नोंद आणि दफनाची जागा, ही मंडळीने पहिल्याच वर्षी अंगावर घ्यावयाची कामे समजावीत. लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदाही मोकळा आहे.

या चारही गोष्टी ज्या मंडळीत आहेत तिला मनोरा असो वा नसो, आम्ही तिला न्यायाची मंडळी म्हणू. ज्या मंडळीत त्या नाहीत, ती जुन्याच चर्चची नवी खोली होय.

शेवटी दोन शब्द आपल्याच लोकांना. तिसऱ्या परिच्छेदाचा प्रश्न निघाला की आपल्यातील काहींना आपल्या वाट्याची भीती वाटते. ही भीती समजू शकते. वाटेकरी वाढले तर वाटाही वाढलाच पाहिजे, ही मागणी योग्य आहे आणि ती आपण ठासून केली पाहिजे. परंतु १९५६ पासून १९९० पर्यंत, चौतीस वर्षे, केंद्राने आपल्याला हेच ऐकविले होते की धर्म बदलला, मग अस्पृश्यता कुठे उरली? तो युक्तिवाद तेव्हा खोटा होता. दुसऱ्याच्या बाबतीत तो आज खरा कसा होईल?

आणि वर सांगितलेले माप आपल्या विहारांनाही लावून पाहावे. १९५५ साली बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापिली ती नोंदणीकृत संस्था म्हणून, कोणाचा दरबार म्हणून नव्हे. आपल्या विहारांचे हिशेब सभेपुढे येतात काय? आपल्या सोयरिकी पोटजात न विचारता जुळतात काय? उपालीला पुढे बसविण्याचे धैर्य आज किती विहारांत आहे? हे प्रश्न ख्रिस्ती बांधवांना विचारण्याचा अधिकार, ते स्वतःला विचारणाऱ्यालाच आहे.